रोलरवरची मावशी

लॉन्ड्रीत तिला सगळेच मावशी म्हणत, पण खरी मावशी ती एकीचीच होती. धाकट्या बहिणीच्या मुलीला तिने स्वतः हाताला धरून कामावर आणलं. ती पोर दिवसभर ‘मावशी, मावशी’ करत मागे फिरायची, आणि बघता बघता बॉयलरवाल्यापासून धाकट्या मालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. त्याआधी ती नुसती ‘रोलरवरची’ होती.

लॉन्ड्री म्हणजे काही कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. लांबलचक पत्र्याची शेड, एका टोकाला मळक्या कपड्यांची खोली, मधे धुण्याची आणि पिळण्याची मशीनं, आणि दुसऱ्या टोकाला रोलर. कपडे यायचे ते दवाखान्यांचे आणि हॉटेलांचे. दवाखान्याच्या चादरींत सुया निघत, बँडेजं निघत, एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली. ती बरेच दिवस सुपरवायझरच्या टेबलावर पेपरवेटसारखी पडून होती. मळक्या खोलीत वर्ष काढलं की बाई मशीनवर जायची आणि मशीनवर टिकली तर रोलरवर. रोलर म्हणजे दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब, वाफेने तापलेला लोखंडी दंडगोल. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरून त्याच्या तोंडाशी ताणायची, सरळ आत सोडायची, आणि पलीकडे ती पापडासारखी कडक होऊन बाहेर पडायची. चादर जरा तिरकी गेली की सुरकुती पक्की, आणि सुपरवायझरची शिवीही.

मावशीचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, मुलगा नोकरीला लागला, हे सगळं त्या रोलरसमोर उभं राहूनच झालं. हाताच्या बोटांवरचे केस कधीचे जळून गेले होते. उन्हाळ्यात तिच्या जवळ उभं राहिलं तर अंगातून वाफेचा वास यायचा. तिला त्याचं काही नव्हतं. तिच्या मुलाला होतं.

मुलगा विमा कंपनीच्या ऑफिसात होता. सूनही शिकलेली. नात इंग्रजी शाळेत. एकदा नात शाळेतून आली आणि घरातल्या माणसांवर लिहिलेल्या ओळी मोठ्याने पाठ करू लागली. बाबा अमुक, मम्मी तमुक, आणि मग, “माय ग्रँडमदर इज अ हाउसवाइफ.”

मावशी भाजी निवडत होती. बाकीचं इंग्रजी तिला कळलं नाही, पण हाउसवाइफ कळलं. तिने मुलाकडे पाहिलं.

“आई, लहान मुलं असतात ती,” मुलगा म्हणाला. “दवाखान्याच्या चादरी म्हटलं की हिला शाळेत कुणी जवळ बसू देणार नाही.”

“मग लॉन्ड्री म्हणायचं. चादरी कशाला काढायच्या?”

“लॉन्ड्री तरी काय मोठं आहे? राहू दे ना. तुला तरी कुठे बोलायचंय?”

मावशीने भाजीची पुढची जुडी ओढली. सूनबाईने विषय बदलला. नातीने ओळ पुन्हा एकदा म्हटली, कारण पाठांतर अजून पक्कं झालं नव्हतं.

त्याच सुमाराला लॉन्ड्रीत मॅडम आल्या. झालं असं होतं की, परदेशात नाव असलेल्या एका मोठ्या हॉटेलवाल्यांचं काम मिळवायच्या मागे धाकटे मालक होते. हॉटेलचे साहेब लोक शेड बघायला येणार, कामगारांशी बोलणार. तेव्हा कामगारांनी शेळ्यांसारखं टकामका बघत उभं राहू नये, चार वाक्यं बोलावीत, म्हणून ही शिकवणी. डबा खायच्या खोलीत फळा लावला. मॅडम तरुण, हसऱ्या, अत्तर लावणाऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “इंग्रजीला घाबरायचं नाही. आपण काय करतो आणि कुठे करतो, एवढंच सांगायचं. रोजची साधी वाक्यं.”

आणि फळ्यावर वाक्यं आली. आय वर्क इन अ लॉन्ड्री. आय वर्क इन शिफ्ट्स. आय एन्जॉय माय वर्क. वी आर लाइक अ फॅमिली. ज्याला जी जमतील ती.

बाकीचे टिवल्याबावल्या करत होते. बॉयलरवाला म्हणाला, “मॅडम, ‘मी वाफेवर मरतो’ याला काय म्हणायचं?” सगळे हसले, मॅडमही हसल्या, पण सांगितलं नाही. मावशी मात्र पुढच्या बाकावर बसली होती आणि ओठ हलवत होती. तिची पाळी आली तेव्हा मॅडमनी विचारलं, “मावशी, तुम्ही काय करता?”

“चादरी रोलरमध्ये घालते.”

मॅडमनी क्षणभर विचार केला. “असं नाही म्हणायचं. जरा वजन हवं. म्हणा, आय ॲम इन चार्ज ऑफ द रोलर.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे रोलर तुमच्याकडे आहे. तुमची जबाबदारी.”

“पण जबाबदारी सुपरवायझर साहेबांची. बटणाची किल्ली पण त्यांच्याकडे असते.”

“मावशी, इंग्रजीत असंच म्हणतात. कामाला मान येतो.”

दारात उभा राहून सुपरवायझर ऐकत होता. त्याला भारी मजा वाटली. “घ्या मावशी घ्या,” तो म्हणाला, “चार्ज घ्या. आम्ही सुटलो.”

मावशीने ते वाक्य घेतलं. रोलरसमोर म्हणून घेतलं, घरी मोरीत म्हणून घेतलं. पलीकडच्या कोपऱ्याला भाची असायची. ती जेमतेम विशीतली, हाताने चपळ, तोंडाने त्याहून. लग्न ठरत आलं होतं. मावशी चादर ताणता ताणता म्हणायची, “आय ॲम इन चार्ज ऑफ द रोलर,” आणि भाची म्हणायची, “यस मॅडम,” आणि दोघी खुदुखुदू हसायच्या. मॅडमनी मावशीला आणखी एक वाक्य खास दिलं होतं: आय मेक शुअर एव्हरीवन इज सेफ. सगळ्यांना सुखरूप ठेवते, असा अर्थ. ते मावशीला इतकं आवडलं की ते तिने नातीलाही म्हणून दाखवलं. नात म्हणाली, “आजी, तुझं ‘सेफ’ चुकतंय,” आणि बरोबर करून दिलं.

साहेब लोक आले तेव्हा बहुतेकांची दातखीळ बसली. बॉयलरवाला नुसताच ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला, तेही दुपारी. मावशीने मात्र एकही शब्द न अडखळता आपली सगळी वाक्यं म्हटली. एका उंच साहेबाने टाळ्या वाजवल्या, फोनवर तिचं बोलणं टिपून घेतलं, तिच्याशी हात मिळवला आणि तिच्या भाजलेल्या बोटांकडे बघून काहीतरी हळहळल्यासारखं बोलला. धाकट्या मालकांनी त्या दिवशी सगळ्यांना चहाबरोबर केक दिला. मावशीने आपला तुकडा कागदात बांधून नातीसाठी नेला. आयुष्यात तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या त्या एवढ्याच.

हॉटेलचं काम मिळालं आणि शेडमधली हवाच बदलली. चादरींचे ढीग छताला लागले. माणसं तेवढीच, रोलर तोच. रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी होती, तिला हात लागला की रोलर जागच्या जागी थांबायचा. चादरीचा बोळा लागला तरी थांबायचा, आणि मग पुन्हा चालू करायला सुपरवायझरला किल्ली घेऊन यावं लागायचं. ओल्या चादरी घाईने भरल्या की बोळे होणारच. दिवसातून कितीदा तरी रोलर थांबू लागला आणि वरून धाकट्या मालकांचे फोन येऊ लागले. शेवटी एके सकाळी सुपरवायझर स्टूल घेऊन आला, पट्टी वर उचलली आणि तारेने आवळून टाकली.

“साहेब, हे बरं नाही,” मावशी म्हणाली. “ही पट्टी बोटांसाठी आहे.”

“मावशी, बोटं जपून ठेवायची. एवढी वर्षं काय पट्टीने जपली?”

“माझी सोडा. नव्या पोरी आहेत.”

सुपरवायझर स्टुलावरून उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “इन चार्ज कोण? तुम्ही ना? मग सांभाळा.”

सगळे हसले. भाचीही हसली. मावशी पुन्हा दोनदा त्याच्याकडे गेली. दुसऱ्यांदा त्याने विचारलं, “मळक्या खोलीत परत जायचंय का?” त्यानंतर ती गेली नाही.

हॉटेलच्या टेबलावरच्या कापडांना कडेने झालर होती. भाचीच्या उजव्या हाताच्या बोटात त्या झालरीचा दोरा अडकला. एवढंच झालं. दोरा आत गेला, त्याच्या मागून बोट गेलं, बोटाच्या मागून पंजा. ती ओरडली नाही. “मावशी, अगं,” एवढंच म्हणाली, जसं कुणी दूध उतू चाललंय म्हणून सांगावं. थांबवायचं लाल बटण रोलरच्या पार पलीकडच्या टोकाला होतं. मावशी धावली. ओल्या फरशीवर घसरून गुडघ्यावर पडली, उठली, बटण दाबलं. रोलर थांबला, पण तापलेला होता, आणि तो वर उचलायची किल्लीही सुपरवायझरच्या खिशात. तो बाहेर ट्रकपाशी सिगरेट ओढत होता. त्याला शोधून आणेपर्यंत भाचीचा हात आत होता. तेव्हा मात्र ती ओरडली. शेडमधल्या बायका पुढे कितीतरी दिवस कानांत कापूस घातल्यासारख्या एकमेकींशी मोठ्याने बोलत, असं म्हणतात.

मनगटाच्या वरून हात काढावा लागला. त्याच संध्याकाळी सुपरवायझरने तार कापली, पट्टी खाली सोडली आणि रोलर पुसून घेतला. पुसायला मावशीलाच सांगितलं, कारण बाकीच्या बायका जवळ जाईनात. तिने पुसला.

चौकशीला हॉटेलवाल्यांचा तोच उंच साहेब आला. त्यांच्या चादरींवर कुणाचं रक्त नको, असा त्यांचा नियम होता म्हणे. मालकांच्या केबिनमध्ये धाकटे मालक, सुपरवायझर, मधे साहेब आणि भाषा सांगायला मॅडम. मावशीला बोलावलं. साहेबाने तिला ओळखलं. हसला नाही, पण ओळखलं. त्याने काहीतरी विचारलं, त्यात तिला आपलेच शब्द ऐकू आले, ‘इन चार्ज’ आणि ‘रोलर’. ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तशी तिची मान आपोआप हलली. “यस सर,” ती म्हणाली. मग दचकून मॅडमकडे वळली.

“मॅडम, त्यांना सांगा, पट्टी वर बांधलेली होती. तारेने. ह्या सुपरवायझर साहेबांनी बांधली. मी तीनदा नको म्हटलं. सगळ्यांनी बघितलंय.”

मॅडमनी धाकट्या मालकांकडे पाहिलं. धाकटे मालक टेबलावरची पेन्सिल फिरवत होते. मॅडम साहेबाकडे वळल्या आणि हळू आवाजात थोडंसं बोलल्या. मावशी एवढं लांब बोलली होती आणि मॅडमचं दोन श्वासांत संपलं. त्यातला एक शब्द मावशीला कळला. सॉरी.

“मी सॉरी म्हटलं नाही,” मावशी म्हणाली.

“मावशी, शांत व्हा.”

“तुम्ही सॉरी सांगितलंत. मी पट्टी म्हटलं. पट्टीला काय म्हणतात? ते सांगा त्यांना.”

मॅडम खाली बघत राहिल्या. मग मावशी स्वतः साहेबाकडे वळली. तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याजवळ वाक्यच नाही. मी लॉन्ड्रीत काम करते, होतं. मला माझं काम आवडतं, होतं. आम्ही एका कुटुंबासारखे आहोत, होतं. ह्याने बांधली, हे नव्हतं. दुसऱ्याने केलं, हे त्या फळ्यावर कधी आलंच नव्हतं. तिने हातांनी हवेत पट्टी दाखवली, तार गुंडाळून दाखवली, सुपरवायझरकडे बोट केलं आणि म्हणाली, “नो सॉरी, सर. नो सॉरी.”

साहेबाचा चेहरा दगडासारखा झाला. एका पोरीचा हात गेला आणि जबाबदार बाई म्हणते, मला वाईट वाटत नाही. त्याने वही मिटली.

तरीही मावशीला एक आशा होती. सरकारी माणूस दवाखान्यात जाऊन भाचीचा जबाब घेणार होता. बाकीचे कानांवर हात ठेवतील, पोटासाठी ठेवावेच लागतात, पण भाची तर रक्ताची. रोज त्या पट्टीखाली उभी राहणारी. सरकारी माणूस आधी मालकांकडे चहा घेऊन मग दवाखान्यात गेला. भाचीने सांगितलं की पट्टी कधीच बांधलेली नव्हती, रोलरचं सगळं मावशी बघायची, आणि त्या दिवशी मावशीच घाई कर म्हणून मागे लागली होती.

मावशीला कामावरून काढलं. इतक्या वर्षांची बाई, पण निरोपाला गेटपर्यंत फक्त बॉयलरवाला आला, तोही भिंतीच्या आडून. सुपरवायझर जागच्या जागी राहिला. मॅडमना मालकांच्या एका मित्राच्या कारखान्यात नवी शिकवणी मिळाली.

बहिणीकडे गेली तर बहिणीने दार अर्धंच उघडलं. धाकटी बहीण, जिला मावशीने कडेवर वाढवलं.

“ताई, पोरीचं लग्न मोडलं,” ती म्हणाली.

“मला कळलं. मी तिला भेटते.”

“कशाला? दुसरा हात राहिलाय म्हणून?”

“अगं, पट्टी त्याने बांधली. तिला विचार.”

“तिनेच सांगितलंय.” आणि बहिणीने दार लावून घेतलं. आत कुणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला.

घरी मुलगा म्हणाला, “झालं ते वाईट झालं, पण एका अर्थी बरंच झालं. आता घरी बस निवांत.” आणि थोडं थांबून, “कुणी विचारलं तर आपणहून सोडलं म्हण.”

काही दिवसांनी कळलं की भाची लॉन्ड्रीतच परत लागली आहे. शेडमध्ये नाही, पुढच्या ऑफिसात, काचेच्या काउंटरवर. मावशी तिथे गेली. गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी राहिली, कारण आत यायला तिला आता मनाई होती. भाचीने लांब बाहीचा नवा शर्ट घातला होता. उजवी बाही टोकाला दुमडून पिन लावलेली. डाव्या हातात फोन धरून ती कुणाला तरी सांगत होती, “गुड मॉर्निंग, हाउ मे आय हेल्प यू.” तिचं इंग्रजी मावशीपेक्षा छान होतं. तिने फोन ठेवला.

“बस म्हणणार नाही मावशी. वर कॅमेरा आहे.”

“बसायला नाही आले. एवढंच सांग, पट्टी बांधलेली होती की नव्हती?”

“होती. त्या तारेचं टोक रोज माझ्या कपाळाला टोचायचं.”

मावशीला वाटलं होतं, पोर नाही म्हणेल, शुद्धीत नव्हते म्हणेल, रडेल. तसं काही झालं नाही.

“मग?”

“मग काय? मालक दवाखान्यात आले होते. म्हणाले, सुपरवायझरचं नाव घेतलंस तर कोर्टकचेऱ्या, म्हातारी होईपर्यंत. मावशीचं घेतलंस तर बरी झालीस की काउंटर, कायमचं.” ती बोलत होती आणि डाव्या हाताने पावत्यांचा गठ्ठा सरळ करत होती. गठ्ठा एका बाजूने सरळ झाला की दुसऱ्या बाजूने सरकत होता. “तुला मुलगा आहे. दोन वेळचं तो देईल. मला कोण देणार? तूच सांग, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?”

“मी तुझं नाव घेतलं नसतं.”

“तुझे दोन्ही हात आहेत मावशी. तुला बोलायला सोपं आहे.”

मावशीच्या मागे एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. भाची त्याच्याकडे बघून हसली, आणि मग हसू तसंच ठेवून, ओठ फारसे न हलवता मावशीला म्हणाली, “आणि मला इथे आणलं कुणी? आई रोज हेच विचारते. मी तिला उत्तर देत नाही, एवढं तरी माझं मान.”

मावशी बाजूला झाली.

ती घरी निवांत बसली नाही. एका लग्नाच्या हॉलमागे टेबलावरची कापडं धुवायचं काम तिने धरलं. तिथे मशीन नव्हतं, हौद होता आणि ब्रश. पाण्यात बोटांच्या बेचक्या कुजायच्या. एकदा बॉयलरवाला तिला शोधत तिथे आला. म्हणाला, “मावशी, पट्टी परत वर बांधलीय. नवी पोरगी लागलीय तुमच्या जागेवर. अगदीच लहान आहे. तुम्ही चला, कुणाला तरी सांगू.”

मावशीने ब्रश थांबवला नाही. “कुणाची पोर आहे?”

“कुणाची कोण जाणे. मुकादमाने आणली.”

“आई-बाप असतील ना तिला?”

“असतील की.”

“मग ते बघतील.”

एके काळी नव्या पोरींच्या बोटांसाठी सुपरवायझरच्या टेबलाशी उभी राहणारी बाई बॉयलरवाल्याच्या डोळ्यांसमोर असावी. मग त्याने बिडी विझवली आणि तो गेला.

पुढे त्याच हॉलमध्ये भाचीचं लग्न झालं. नवरा बिजवर होता, वयाने बराच मोठा. मावशीला आमंत्रण नव्हतं. मागच्या दाराने बहीण हात धुवायला आली तेव्हा दोघी समोरासमोर आल्या. बहिणीच्या अंगावर नवी साडी होती. ती थबकली, आणि मावशीला वाटलं की आता ताई म्हणेल.

“नळ कुठे आहे?” बहिणीने विचारलं.

मावशीने हाताने दाखवला. बहिणीने हात धुतले, झटकले आणि ती आत गेली. थोड्या वेळाने हॉलचा माणूस पहिल्या पंगतीची कापडं घेऊन आला आणि हौदाजवळ टाकून गेला. मावशीने ती पाण्यात सोडली.